बोली आणि मोल

मार्च महिना अर्ध्यावर आला की पुष्कळ मराठी घरांत दोन वेळापत्रके एकाच सुमारास येऊन पडतात. एक असते वार्षिक परीक्षेचे आणि दुसरे इंडियन प्रीमियर लीगच्या नव्या हंगामाचे. पहिले शाळेच्या फलकावरून वहीत उतरवून घ्यावे लागते. दुसरे पाठ व्हायला कोणाच्या सांगण्याची गरज लागत नाही. कोणता संघ कोणत्या दिवशी कोणाशी खेळणार, सामना दुपारी साडेतीनला की सायंकाळी साडेसातला, हे दहा वर्षांचा मुलगाही बिनचूक सांगतो. त्याहून बिनचूक तो सांगतो प्रत्येक खेळाडूची किंमत. ऋषभ पंत सत्तावीस कोटींचा, श्रेयस अय्यर पावणेसत्तावीस कोटींचा! एखाद्या फलंदाजाची सरासरी विचारली तर मुलगा क्षणभर थबकतो. किंमत विचारली तर थबकत नाही.

नवा हंगाम तोंडावर आला असताना या एका गोष्टीचा थोडा विचार करणे अगत्याचे आहे. लिलावात खेळाडूवर जी बोली लागते ती त्याची किंमत खरी. पण तेच त्याचे मोल असते काय? हा प्रश्न केवळ मैदानापुरता नाही. ज्या घरांत मुलाच्या हातातील बॅटकडे पाहून भविष्याचे हिशेब मांडले जात आहेत, त्या घरांच्या दृष्टीने तो फार निकडीचा आहे.

खेळाडूंना पैसा मिळू लागला तो अलीकडे, पूर्वीची मंडळी निव्वळ हौसेखातर उन्हात उभी राहत, असे वारंवार बोलले जाते. इंदूर आणि बडोदे येथील जुन्या घरांतून हे विधान कोणी मान्य करणार नाही. १९२३ साली होळकर संस्थानाने नागपूरच्या सी. के. नायडूंना इंदुरास बोलावून घेतले आणि आपल्या सैन्यात हुद्दा दिला. १९३२ साली लॉर्ड्सच्या मैदानावर भारताच्या पहिल्या कसोटी संघाचे नेतृत्व करणारे कर्नल नायडू ते हेच. त्यांच्या भोवती होळकरांचा जो संघ उभा राहिला, त्यात इंदूरचे मुश्ताक अली होते, सागरचे चंदू सरवटे होते, कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर होते. १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ असा चार वेळा या संघाने रणजी करंडक जिंकला.

बडोद्याची रीतही हीच होती. सांगलीच्या एका शाळामास्तरांचे चिरंजीव विजय हजारे प्रथम देवास आणि पुढे बडोदे संस्थानाच्या आश्रयाने वाढले. १९४७ च्या मार्च महिन्यात होळकरांविरुद्धचा अंतिम सामना बडोद्यात झाला, तेव्हा हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी रचली. त्यात हजारे यांच्या २८८ आणि गुल महंमद यांच्या ३१९ धावा होत्या. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये कोणत्याही गड्यासाठीचा हा उच्चांक २००६ सालापर्यंत अबाधित राहिला. एका संस्थानाने पोसलेले खेळाडू दुसऱ्या संस्थानाने पोसलेल्या खेळाडूंशी झुंजत होते आणि दोन्ही नगरांतील लोक जिवाचा कान करून धावसंख्या ऐकत होते. आज ज्याला फ्रँचायझी म्हणतात तिची ही एक दूरची आजीच म्हणावयाची.

परदेशी खेळाडूही त्या काळी अपरिचित नव्हता. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडचा विख्यात फलंदाज डेनिस कॉम्प्टन सैन्याच्या नोकरीत महू येथे होता. १९४५ साली मुंबईविरुद्धच्या अंतिम सामन्यात तो होळकरांकडून उतरला. विजयासाठी ८६७ धावा हव्या होत्या. होळकरांचा संघ ४९२ धावांत बाद झाला, पण कॉम्प्टन २४९ धावा काढून नाबाद राहिला. त्याची एक आख्यायिका सांगितली जाते. शंभरीच्या पुढील प्रत्येक धावेमागे ठरावीक रक्कम देण्याचे एका धनिक व्यापाऱ्याने कबूल केले होते म्हणे. खेळ संपल्यावर कॉम्प्टनच्या हाती पैशाऐवजी निरोप आला की, शेटजींना तातडीच्या कामासाठी कलकत्त्यास जावे लागले आहे! आख्यायिका तंतोतंत खरी असो वा नसो, आश्रयावर जगणाऱ्या खेळाडूची स्थिती तिने नेमकी दाखविली आहे. देणाऱ्याच्या मनात असेल तोवर सारे काही. त्याचे मन फिरले की दाद कोठे मागावयाची?

या दृष्टीने पाहता आजच्या लिलावाला सरसकट नावे ठेवणे न्याय्य नाही. माणसांचा लिलाव हा शब्दच कानाला खटकतो, हे खरे. परंतु येथे रक्कम सर्वांसमक्ष पुकारली जाते, करार लेखी होतो आणि पैशासाठी कोणाच्या ड्योढीवर तिष्ठत बसावे लागत नाही. २००८ च्या २० फेब्रुवारीस मुंबईत पहिला लिलाव झाला. तेव्हा रांचीच्या महेंद्रसिंग धोनीवर चेन्नईच्या संघाने पंधरा लाख डॉलरची बोली लावली. क्रिकेटच्या जुन्या पेठांपासून दूरच्या गावातला तरुण सर्वांत महाग ठरला आणि लहान गावांतील मुलांना वाटले की, आपल्यालाही दार उघडे आहे. हे समाधान खोटे नव्हते. २०१५ साली बडोद्याच्या हार्दिक पंड्याला मुंबईने अवघ्या दहा लाखांत घेतले आणि पुढे तो त्याच संघाचा कर्णधार झाला.

मात्र लिलावातील आकडा कसा ठरतो, हे नीट समजून घेतले पाहिजे. प्रत्येक संघाजवळ खर्चाची एक ठरावीक थैली असते. २०२५ च्या हंगामापूर्वी ती १२० कोटी रुपयांची होती आणि जुने खेळाडू राखून ठेवण्याचा खर्चही तीतूनच वजा होत होता. खेळाडू आपली आधारभूत किंमत लिहून देतो आणि तेथून बोली चढू लागते. ती चढण्यासाठी किमान दोन संघांना एकाच वेळी त्याची गरज असावी लागते. यष्टिरक्षक एकच उरला असेल आणि तीन संघांना यष्टिरक्षक हवा असेल, तर भाव गगनाला भिडतो. तोच खेळाडू तासभर उशिरा पुकारला गेला आणि तोवर साऱ्यांच्या थैल्या रित्या झाल्या असतील, तर हातोडा आधारभूत किमतीवरच पडतो, किंवा पडतच नाही. बाजारात पावसाळ्यापूर्वी छत्रीला जो भाव येतो तो पाऊस सरल्यावर येत नाही. त्यात छत्रीचा दोष नसतो.

इंदूरच्या वेंकटेश अय्यरचे उदाहरण या बाबतीत डोळ्यांत अंजन घालणारे आहे. २०२१ साली कोलकात्याच्या संघाने त्याला वीस लाखांत घेतले. त्या हंगामाच्या उत्तरार्धात त्याने चमक दाखविली आणि पुढील वर्षी त्याच संघाने आठ कोटी देऊन त्याला राखून ठेवले. २०२४ च्या नोव्हेंबर महिन्यात जेद्दा येथील मोठ्या लिलावात त्याच्यावर पावणेचोवीस कोटींची बोली लागली. पुढचा हंगाम त्या बोलीला साजेसा गेला नाही. संघाने त्याला मोकळे केले आणि २०२५ च्या डिसेंबर महिन्यात अबुधाबीच्या लिलावात बंगळूरने त्याला सात कोटींना घेतले. वीस लाख, आठ कोटी, पावणेचोवीस कोटी, सात कोटी! या पाच वर्षांत त्याच्या मनगटातील कसब शंभर पटींनी वाढले आणि मग तिपटीने उतरले, असे कोणी म्हणेल काय? माणूस तोच, हात तेच, बॅट तीच. भोवतालची निकड तेवढी बदलत गेली.

त्याच इंदूर नगरीतील रजत पाटीदारची कथा याहून बोलकी आहे. २०२२ च्या मोठ्या लिलावात त्याच्या नावाला कोणीही बोली लावली नाही. आपले नाव पुकारले जावे, सभागृहात कोणाचाही हात वर होऊ नये आणि पुकारणाऱ्याने पुढच्या नावाकडे वळावे, हा अनुभव तरुण मनाला किती लागत असेल! घरच्यांनी त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्याचे लग्न ठरविले. इतक्यात बंगळूरच्या संघातील एक खेळाडू जायबंदी झाला आणि बदली म्हणून वीस लाखांच्या मोबदल्यात पाटीदारला बोलावणे आले. लग्न पुढे ढकलले गेले. २५ मे रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर, हरला तो स्पर्धेबाहेर अशा सामन्यात, त्याने लखनौविरुद्ध नाबाद ११२ धावा काढल्या.

पुढे महिन्याभरातच रणजी करंडकाचा अंतिम सामना बंगळूरला झाला. होळकरांचा संघ १९५४-५५ चा अंतिम सामना खेळून रणजीच्या यादीतून गेला; त्याचा वारसा मध्य प्रदेशाकडे आला होता. मात्र मध्य प्रदेश या नावाने करंडक कधी इंदुरास आला नव्हता. मुंबईविरुद्धच्या त्या सामन्यात पाटीदारने १२२ धावा केल्या आणि तो करंडक आला. २०२५ साली तोच पाटीदार बंगळूरचा कर्णधार झाला आणि ३ जून रोजी अहमदाबादेत त्याच्या नेतृत्वाखाली त्या संघाने लीगचे पहिले विजेतेपद मिळविले. अठराव्या हंगामात मिळालेले हे यश अशा माणसाच्या हातून आले, ज्याला तीन वर्षांपूर्वी भर सभेत गिऱ्हाईक नव्हते.

येथे एक मोह आवरला पाहिजे. पाटीदारची कथा ऐकून, ‘पाहा, जिद्द असली की सारे मिळते,’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण त्या वर्षी दुसऱ्या कोणाचा पाय दुखावला नसता तर? धावा करण्याची शक्ती त्याच्या ठायी तेव्हाही तेवढीच असती, आणि जगाला मात्र तिचा पत्ता लागला नसता. कोल्हापूरच्या निंबाळकरांचा उल्लेख वर आलाच आहे. १९४८ च्या डिसेंबर महिन्यात पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध खेळताना त्यांनी नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा तेव्हाचा जागतिक उच्चांक अवघ्या काही धावांवर आला असता प्रतिपक्षाने सामना सोडून दिला. एवढी खेळी करूनही निंबाळकरांना भारताकडून एकही कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही. निवड हुकली म्हणून ४४३ धावांतील एकही धाव कमी झाली नाही.

गोव्यातील श्रोत्यांना स्वप्निल अस्नोडकरचे नाव ठाऊक असेलच. २००८ च्या पहिल्या हंगामात शेन वॉर्नच्या राजस्थान संघाकडून सलामीला येऊन त्याने ३११ धावा केल्या आणि तो संघ विजेता ठरला. गोव्याचा एक लहान चणीचा फलंदाज जगातील नामांकित गोलंदाजांना सीमापार धाडीत होता आणि पणजीपासून पेडण्यापर्यंत लोक कौतुकाने पाहत होते. पुढील हंगामांत ती लय पुन्हा सापडली नाही आणि २०११ नंतर लीगमध्ये तो दिसला नाही. परंतु गोव्यासाठी रणजीचे सामने तो त्यानंतरही कित्येक वर्षे खेळला. दिवे नव्हते, गर्दी नव्हती, तरी खेळ होता. त्याच्या कारकिर्दीचा कोणता भाग अधिक मोलाचा, याचे उत्तर लिलावाच्या तक्त्यात सापडणार नाही.

आता घरातला हिशेब. दहा संघ, प्रत्येकात जास्तीत जास्त पंचवीस खेळाडू. म्हणजे साऱ्या लीगमध्ये जागा अडीचशे. प्रत्येक संघात आठपर्यंत परदेशी खेळाडू असू शकतात. तेवढे सर्वांनी घेतले तर भारतीयांसाठी एकशे सत्तर जागा उरतात. जेद्दाच्या लिलावासाठी १५७४ खेळाडूंनी नावे नोंदविली होती आणि विकले गेले १८२. ही १५७४ मंडळी म्हणजे गल्लीत खेळणारी मुले नव्हेत. बहुतेकांनी आपल्या राज्याच्या संघापर्यंत मजल मारलेली होती, आणि तेथवर पोचण्यापूर्वीच हजारोंच्या वाटा संपलेल्या होत्या. शिवाय त्या एकशे सत्तरांतील प्रत्येकाला खेळावयास मिळतेच असे नाही. कित्येकजण सबंध हंगाम कडेला बसून पाण्याच्या बाटल्या पोचवितात.

लीगच्या मांडवाबाहेर खेळाडूला काय मिळते, तेही पाहिले पाहिजे. रणजी सामन्यात प्रत्यक्ष खेळणाऱ्या अकरांना अनुभवाप्रमाणे दिवसाला चाळीस ते साठ हजार रुपये मिळतात, असे मानधन नियामक मंडळाने २०२१ साली ठरविले. ही रक्कम पूर्वीच्या मानाने चांगली आहे; पण ती खेळलेल्या दिवसांची. वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट, आणि रणजीचे सामने त्यांतील मोजक्याच दिवसांत. उलट लीगमध्ये २०२५ पासून करारातील रकमेखेरीज प्रत्येक सामन्याचे साडेसात लाख रुपये मिळू लागले. एका सायंकाळचे उत्पन्न चार दिवसांच्या कष्टाच्या तिप्पट-चौपट! तरुणांचे डोळे कोणीकडे वळतील, हे सांगावयास ज्योतिषी नको. चार दिवस उन्हात उभे राहून शतक उभारण्याची विद्या त्यामुळे मागे पडते की काय, ही जुन्या रसिकांची चिंता अनाठायी म्हणता येत नाही.

पैसा मिळणे वाईट नव्हे. सांगलीच्या स्मृती मानधनाकडे पाहावे. वडील व भाऊ जिल्ह्याकडून खेळलेले. त्यांच्यामागून ही मुलगी मैदानावर गेली. २०२३ च्या फेब्रुवारीत महिलांच्या लीगचा पहिला लिलाव झाला आणि बंगळूरने तीन कोटी चाळीस लाखांची, त्या दिवसाची सर्वोच्च बोली तिच्यावर लावली. ज्या सांगलीतून हजारे संस्थानांच्या आश्रयाला गेले, त्याच सांगलीत वाढलेल्या एका मुलीला खेळाचे वेतन खुल्या सभेत, तिच्या स्वतःच्या नावावर मिळाले. २०२५ च्या २ नोव्हेंबरला भारतीय महिलांनी नवी मुंबईत विश्वचषक जिंकला त्या संघाची ती उपकर्णधार होती. मुलींच्या हातून बॅट काढून घेणाऱ्या घरांना या आकड्याने निरुत्तर केले असेल, तर त्या आकड्याचे ऋण मानले पाहिजे.

धोका पैशात नाही. एकाच डावावर सारे घर लावण्यात आहे. मुलगा जरा बरा खेळू लागला की नववी-दहावीपासून शाळा नावापुरती उरते, खाजगी शिकवणीऐवजी क्रिकेटच्या अकादमीचे शुल्क भरले जाते, आईचा एखादा दागिना मोडतो. हार्दिक पंड्याने शाळा लवकर सोडली, हे अशा वेळी हमखास सांगितले जाते. त्याच वाटेने निघून वाटेतच राहिलेल्या मुलांची नावे मात्र कोणी सांगत नाही, कारण ती कोठे छापलीच गेली नाहीत. वेंकटेश अय्यरचे दुसरे अंग त्या मानाने क्वचितच सांगितले जाते. खेळात नाव होण्यापूर्वीच त्याने वाणिज्याची पदवी आणि व्यवस्थापनशास्त्रातील पदव्युत्तर पदवी मिळविली होती. पावणेचोवीस कोटींवरून सात कोटींवर उतरलेल्या माणसाच्या पायाखाली आणखीही एक जमीन होती. प्रत्येक घराला आपल्या मुलाच्या पायाखाली अशी दुसरी जमीन घालता येते. तिला कोटींचे भांडवल लागत नाही.

संघांनाही आयुष्य असते, हे हैदराबादच्या रसिकांनी पाहिले आहे. डेक्कन चार्जर्सने २००९ साली दक्षिण आफ्रिकेत झालेला दुसरा हंगाम जिंकला. २०१२ साली नियामक मंडळाने त्या संघाचा करार संपुष्टात आणला आणि २०१३ पासून नगराला दुसऱ्या मालकाचा, दुसऱ्या नावाचा आणि दुसऱ्या रंगाचा संघ मिळाला. पुण्याचे संघ दोन वेळा आले आणि दोन वेळा गेले. संस्थान गेले तसा होळकरांचा संघ गेला. करार संपला तसा डेक्कनचा गेला. आश्रयदाता राजा असो वा कंपनी, त्याच्या दारावरची पाटी कायमची नसते. ती पाटी पाहून मुलाचे आयुष्य आखणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे.

शेवटी, या साऱ्या उलाढालीत ज्याच्यावर कोणी बोली लावीत नाही असा एक माणूस उरतो. तो म्हणजे प्रेक्षक. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांच्या प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. हा पैसा आला कशातून? सायंकाळी साडेसातला लक्षावधी घरांत जे डोळे पडद्याकडे वळतात, त्या डोळ्यांचा हा भाव आहे. खेळाडूंच्या साऱ्या किमती त्याच पायावर उभ्या आहेत. आणि तरीही, ४ जून २०२५ रोजी बंगळूरच्या संघाचा विजयोत्सव पाहण्यास चिन्नास्वामी मैदानाबाहेर लोटलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन अकरा माणसे मृत्युमुखी पडली. अठरा हंगाम वाट पाहून मिळालेल्या करंडकाचा आनंद एक दिवसही टिकला नाही. ज्यांच्या प्रेमावर हा सारा डोलारा उभा आहे, त्यांच्यासाठी दारे किती उघडावी आणि गर्दी किती होऊ द्यावी, याचा हिशेब मात्र वेळीच झाला नाही. बेळगावपासून बंगळूरपर्यंत ज्या घरांनी त्या विजयाचे पेढे वाटले, त्यांना तो आकडाही स्मरणात ठेवावा लागेल.

नवा हंगाम अवश्य पाहावा. विजेच्या झोतात उंच गेलेला चेंडू आणि त्याखाली धावत येणारा क्षेत्ररक्षक हे दृश्य सुंदरच असते आणि त्याला कोणाच्या किमतीची फूटपट्टी लागत नाही. पाहताना घरातील वडील मंडळींनी मुलांना एवढेच विचारावे की, हा गोलंदाज चेंडू कसा वळवितो, हा फलंदाज पाय कोठे टाकतो, कडेला बसलेला तो बारावा गडी कोण? त्याला कितीला घेतले, हा प्रश्न एखाद्या दिवशी न विचारता सोडून द्यावा. जवळपास रणजीचा किंवा जिल्ह्याचा सामना असेल तेव्हा मुलाचे बोट धरून तिकडेही जावे. तेथे बसावयास जागा मिळते आणि खेळाडूचा चेहरा जवळून दिसतो.

रात्री अकराच्या सुमारास सामना संपतो. ज्याची सकाळी परीक्षा आहे त्याने पहिला डाव पाहून निजावे. निकाल सकाळीही तोच असतो. जून उजाडेल तेव्हा हंगाम संपलेला असेल आणि गावोगावच्या शाळांची घंटा वाजेल. नव्या वर्गाच्या हजेरीत एकेक नाव पुकारले जाईल आणि प्रत्येक नावाला ‘हजर’ असे उत्तर येईल. तेथे कोणतेही नाव न विकले गेलेले म्हणून मागे ठेवले जात नाही.